उजेडाचा टक्का



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशी त्यांची समजूत होती, आणि ती रास्तही होती. ज्या माणसाने तीस वर्षे काजूच्या कारखान्यांतून संघटनेची पावतीपुस्तके फिरविली त्याने दुसरे काय बोलावे? मी विषय कळविला तो दिवसाच्या उजेडाच्या मोजमापाचा. तेव्हा चालकांपैकी एकांनी मला हळूच विचारले, "हा शास्त्राचा विषय. तुमच्याकडे तो कसा आला?" त्याचे उत्तर द्यावयास मला हा सगळा तास लागणार आहे.

आधी माझी योग्यता सांगून टाकतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको. माझे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. वडील मुंबईच्या एका गिरणीत साचे चालवीत. १९८२ च्या संपानंतर ते मालवणास परतले ते कायमचेच, आणि दोनतीन वर्षांत मी काजूच्या भट्टीवर कामाला लागलो. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि ज्याला येते त्याला न लाजता विचारून. सभेत प्राध्यापक मंडळी बसलेली दिसतात. माझे कोठे चुकले तर त्यांनी नंतर अवश्य कान धरावा.

गोष्ट अशी घडली. काजूची बी भाजून, फोडून, गराची साल काढून झाली की गर प्रतवारीच्या खोलीत येतो. पांढरा अखंड गर वेगळा, किंचित करपलेला वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. अखंड गरालाही आकारावरून नंबर असतो. एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस गर बसले तर तो तीनशेवीस नंबर, दोनशेवीस ते दोनशेचाळीस बसले तर दोनशेचाळीस नंबर. हे काम सगळे बायकांचे. ताटलीएवढ्या जागेत बोटे अशी चालतात की पाहणाऱ्याचे डोळे थकावेत. नंबर बोटांनाही कळतो, परंतु पांढरा कोणता आणि करपलेला कोणता हे बोटांना कळत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते. हस्तिदंती रंग आणि त्यावर तपकिरीची नुसती छटा, एवढाच तो फरक. पिवळ्या दिव्याखाली तो दडून बसतो, दिवसाच्या उजेडात उघडा पडतो.

वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात (नाव घेण्याचे कारण नाही) गरात मिसळ निघते म्हणून बायकांच्या मजुरीतून पैसे कापू लागले. मी सगळ्यांच्या मजुरीच्या चिठ्ठ्या जमविल्या आणि कोण कोठे बसते ते कागदावर मांडले. खोलीला खिडक्या एकाच बाजूने होत्या. खिडकीजवळच्या रांगेत कपात जवळजवळ नव्हती. मागच्या दोन रांगांत ती दर आठवड्याला होती. मी तावातावाने व्यवस्थापकांकडे गेलो आणि म्हटले, "मागे अंधार आहे." ते शांतपणे म्हणाले, "अंधार म्हणजे किती?"

त्या दिवशी मला तो प्रश्न उर्मट वाटला. पण रात्री विचार केला तेव्हा ध्यानात आले की माझ्यापाशी उत्तरच नव्हते. बरे, बायकांना विचारावे तर त्या म्हणत, "आमका बरोबर दिसता." त्या खोटे बोलत नव्हत्या. काम जाईल ही भीती थोडी होतीच, पण त्यांना खरोखरच तसे वाटत होते.

याचे कारण आपल्या डोळ्यात आहे. पुनवेच्या रात्री चांदणे जमिनीवर पडते ते सुमारे पाव लक्स. लक्स हे उजेड मोजण्याचे माप, जसे धान्याला पायली. मे महिन्यातील दुपारी उघड्या पुळणीवर तोच आकडा एक लाखाच्या घरात जातो. म्हणजे चार लाख पट फरक. तरी चांदण्यात आपण वाट काढतो आणि दुपारी पुळणीवर जाळेही विणतो. डोळा इतका जुळवून घेणारा आहे, आणि म्हणूनच मोजमापाच्या कामी तो इतका बेभरवशाचा आहे. भुकेचीही सवय होते. म्हणून पोट भरले असे होत नाही.

तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये पिएर बूगे नावाचा माणूस होता. बंदराच्या गावी खलाशांना समुद्रमापन शिकवीत असे, म्हणून मला तो जवळचा वाटतो. त्याने १७२९ साली उजेडाच्या मोजमापावर पुस्तक छापले. डोळ्याची खोड त्याने बरोबर ओळखली होती. उजेड किती आहे हे डोळ्याला सांगता येत नाही, पण शेजारीशेजारी ठेवलेले दोन उजेड सारखे आहेत की नाहीत हे तो फार अचूक सांगतो. तेव्हा डोळ्याला किती म्हणून विचारूच नये, सारखे का म्हणून विचारावे. मेणबत्ती मागेपुढे सरकवावी आणि दोन्ही उजेड सारखे झाले की अंतर मोजावे. अंतर दुप्पट तर उजेड चौथाई, हा हिशेब ठाऊक असला की झाले. या रीतीने त्याने सूर्य पुनवेच्या चंद्राहून सुमारे तीन लाख पट तेजस्वी असल्याचे काढले. आजच्या यंत्रांनी तो आकडा चार लाखांच्या आसपास येतो. हाताशी फक्त मेणबत्ती असलेल्या माणसाने किती जवळ नेम मारला पाहा!

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील बुन्सेन यांनी हीच युक्ती आणखी सोपी केली. मी तिचा नमुना आणला आहे. हा साधा पांढरा कागद, मध्ये खोबरेल तेलाचा एक डाग. मागून उजेड जास्त असला की डाग उजळ दिसतो, पुढून जास्त असला की काळवंडतो, आणि दोन्हीकडून सारखा असला की डाग जवळजवळ नाहीसा होतो. संघटनेच्या कचेरीत पहिल्यांदा हा डाग पुसट होताना पाहिला तेव्हा मी कंदिलासमोर रात्रीचा एक वाजेपर्यंत बसलो होतो. घरच्यांना वाटले, भावजी बिघडले.

आता एवढी खटपट नको. विजेवर चालणारे लक्समीटर बाजारात मिळतात. त्यांचाही इतिहास मजेचा आहे. १८७३ साली समुद्रातून तारायंत्राच्या तारा टाकणाऱ्या विलोबी स्मिथ या इंग्रजाला आढळले की सेलेनियमची कांडी उजेडात विजेला वाट देते आणि अंधारात अडविते. तेथून उजेड मोजणे डोळ्याच्या हातून काट्याच्या हाती गेले. आज सेलेनियमच्या जागी सिलिकॉन आले आहे एवढेच. मी मुंबईहून एक मीटर आणविला. पैसे वर्गणीतून दिले, आणि कार्यकारिणीत त्यावर पाऊण तास वाद झाला.

जुलैतल्या एका पावसाळी दुपारी मी मागच्या रांगेत मोजले. पस्तीस लक्स. व्यवस्थापकांनी पावसाळा संपल्यावर स्वतः मोजले, सकाळी अकराला. दीडशे. त्यांनी मला बोलावून आकडा दाखविला. आम्ही दोघेही खरे होतो आणि दोघांच्याही आकड्याचा उपयोग शून्य होता. दिवसाचा उजेड ढगासरशी बदलतो, घटकेघटकेला बदलतो. ज्याला जसा आकडा हवा त्याने तशी वेळ गाठावी.

या पेचातून वाट काढणारे लोक आमच्या आधी होऊन गेले होते. त्यांची युक्ती अशी: आतला उजेड एकटा मोजू नये. उघड्या आकाशाखाली बाहेर जो उजेड आहे, त्याचा कितवा भाग आत पोचतो ते मोजावे. बाहेर एक मीटर, आत एक मीटर, घड्याळ लावून एकाच मिनिटाला दोन्ही वाचावेत. बाहेरच्या मीटरवर प्रत्यक्ष ऊन पडू द्यावयाचे नाही, नुसत्या आकाशाचा उजेड घ्यावयाचा. आकाश सर्वत्र सारखे झाकोळलेले असेल तर उत्तम, आणि ती सोय आपल्याकडे निसर्गाने भरपूर केली आहे. शास्त्रात याला भारदस्त नाव आहे. आम्ही त्याला उजेडाचा टक्का म्हणू लागलो.

दुसरा मीटर उसना आणला. एक बाई बाहेर, एक आत, मी दारात घड्याळ घेऊन. बाहेर बारा हजार, मागच्या रांगेत साठ. म्हणजे अर्धा टक्का. दुसऱ्या दिवशी आभाळ विरळ होते: बाहेर वीस हजार, आत शंभर. पुन्हा अर्धा टक्का! पहिल्या रांगेत तीन टक्क्यांच्या खाली आकडा येईना. लक्स बदलत होते, टक्का हलत नव्हता. तो ढगाचा नव्हता, त्या खोलीचा होता. खिडकीची उंची, समोरच्या भिंतीचा आडोसा, आढ्याची काजळी हे सगळे त्या एका आकड्यात उतरले होते.

व्यवस्थापक म्हणाले, "तुमचा मीटर खोटा असेल." ही शंका मात्र खरोखर शास्त्रीय होती. आपल्या देशात या शंकेची ज्यांनी सर्वांत कदर केली त्यांचे नाव येथे घेतले पाहिजे: अण्णा मणी. केरळात १९१८ साली जन्मलेल्या या बाई १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि तेथे त्यांनी हवामानाची उपकरणे देशात बनविण्याचे काम उभे केले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या सुमारास सूर्याची उष्णता व उजेड मोजणारी केंद्रे देशभर मांडली गेली ती त्यांच्या देखरेखीखाली, आणि १९८० साली त्यांनी भारतातील सूर्यकिरणांच्या नोंदींचा ग्रंथ सिद्ध केला. माप नसलेले परवडले, चुकीचे माप नको, अशी त्यांची धारणा होती. एक उपकरण दुसऱ्या अधिक विश्वासाच्या उपकरणाशी ताडून पाहिल्याविना त्या मान्य करीत नसत. आम्हांला पुण्याला जाणे शक्य नव्हते. पण दोन्ही मीटर एकाच टेबलावर ठेवून पाहिले, आणि मग अदलाबदल केली: बाहेरचा आत, आतला बाहेर. टक्का तोच आला. मीटर दोन्ही थोडे खोटे असतीलही, पण भागाकारात त्यांचा खोटेपणा बराचसा कटून गेला.

मग प्रश्न उरला की किती टक्के पुरे? लंडनमध्ये पर्सी वॉल्ड्रम नावाचे इमारतींचे सर्वेक्षक होते. शेजाऱ्याने भिंत उंच केली, माझा उजेड गेला, असे दावे तेथे पुष्कळ चालत. आपल्याकडेही १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षे निर्वेधपणे मिळत आलेल्या उजेडावर हक्क सांगता येतो, हे मालवणातील भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्यांनी लक्षात ठेवावे. वॉल्ड्रम यांनी १९२० च्या दशकात न्यायालयांत एक मर्यादा रूढ केली. तिचे नाव मला फार आवडते. ते तिला कुरकुरीचा बिंदू म्हणत. उजेड जेथे इतका उतरतो की सामान्य मनुष्य कुरकुर करू लागतो, तो बिंदू. त्यांनी तो आकाशाच्या एका टक्क्याचा पाचवा हिस्सा धरला. आमच्या मागच्या रांगा त्याच्या वर होत्या. म्हणजे लंडनच्या कारकुनाच्या मापाने आमच्या बायकांना कुरकुरीचा अधिकारच नव्हता! पण तो बिंदू कागद वाचणाऱ्यांसाठी होता, काजूगराची छटा ओळखणाऱ्यांसाठी नव्हे.

आपल्या देशाचे १९७५ चे मानक निघाले ते रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेतील अभ्यासाच्या आधाराने. त्यात सूर्य क्षितिजावर पंधरा अंश असतानाचे निरभ्र आकाश प्रमाण धरले आहे आणि त्याचा उजेड आठ हजार लक्स. म्हणजे एक टक्का म्हणजे ऐंशी लक्स. युरोपात १९५५ पासून प्रमाण आकाश मानतात ते ढगाळ, ज्यात माथ्यावरचा उजेड क्षितिजाच्या तिप्पट. आमच्या निरभ्र आकाशाचे उलट असते. सूर्यापासून दूरच्या बाजूला माथा गडद निळा आणि क्षितिज उजळ. हा फरक पंडितांचा वाटेल, पण त्यावर खिडकी की छप्पर हा निर्णय ठरतो. उभी खिडकी क्षितिजाकडे पाहते, छपराची काच माथ्याकडे. माझ्या मते कोकणाला दोन आकाशे आहेत: आठ महिने रुरकीचे आणि चार महिने लंडनचे. नुसत्या खिडक्यांवर विसंबणारा कारखाना पावसाळ्यात आंधळा होतो.

गिरण्यांचे विणाई खाते ज्यांनी पाहिले असेल त्यांना करवतीच्या दातांसारखे छप्पर आठवेल. दाताच्या उभ्या बाजूला काचा, आणि त्या उत्तरेकडे तोंड करून. वडील सांगत की आत सावली अशी पडतच नसे. ही रीत लँकेशायरची. तेथे भर दुपारी सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. आपल्याकडे जातो. याच मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालवणला दुपारी तो नेमका डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. पण त्यातला बहुतेक काळ पावसाचा, म्हणून साहेबाची चूक झाकली गेली.

आणि मोजावयाचे कोठे? इंग्लंडच्या कारखान्यांसाठी १९४१ साली नियम झाला, त्यात जमिनीपासून तीन फुटांवर सहा फूट-कँडल, म्हणजे साधारण पासष्ट लक्स उजेड असावा असे होते. तीन फूट का? तेथला कामगार उभा राहतो वा उंच बाकावर बसतो. आमच्या बायका जमिनीवर बसकण मारून काम करतात! खिडकीची चौकट तीन फुटांवर, ताटली एक वितीवर. खिडकीखाली बसलेल्या बाईचाही टक्का वरच्या मानाने घसरतो. व्यवस्थापकांनी उभे राहून, मीटर हातात धरून मोजले होते. मी त्यांना खाली बसावयास लावले, तेव्हा त्यांच्या विजारीला काजूची फोलपटे लागली. माणूस भला होता. उठल्यावर म्हणाला, "इथून वेगळे दिसते खरे."

आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या सतराव्या कलमात उजेड पुरेसा व योग्य असावा, काचा आतून बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात, डोळे दिपू नयेत, सावल्यांनी डोळ्यांना शीण होऊ नये, इतके सगळे होते. २०२० च्या संहितेत तो कायदा सामावून घेण्यात आला. शब्द पुष्कळ आहेत, पण बसून मोजावे की उभे राहून, हे कोणीतरी जागेवर जाऊनच ठरवावे लागते.

टक्क्याची ही रीत समुद्रात तर आमच्याहून जुनी. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूने पोपच्या जहाजावरून पांढऱ्या चकत्या दोरीने पाण्यात सोडल्या आणि कितव्या हातावर त्या दिसेनाशा होतात ते टिपले. आजही ती चकती जगभर वापरतात. पाण्यात उजेड उतरतो तो सावकारी व्याजाच्या उलट रीतीने: पहिल्या वावेत निम्मा गेला तर दुसऱ्या वावेत उरलेल्याचा निम्मा, तिसऱ्यात त्याचा निम्मा. चकती जेथे नाहीशी होते त्याच्या साधारण अडीच ते तीन पट खोलीवर पृष्ठभागाच्या उजेडाचा एक टक्का उरतो. सूक्ष्म वनस्पतींना जगण्यापुरता उजेड तेथपर्यंतच, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जी पोवळी आहेत, ज्यांच्यासाठी १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, ती याच हिशेबावर जगतात. पोवळे हा प्राणी, पण त्याच्या अंगात शेवाळ राहते आणि बहुतेक अन्न तेच शिजविते, उजेडावर. हिवाळ्यात पाणी निवळते तेव्हा पर्यटक बुडी मारून ती पाहतात. पावसाळ्यात नद्या माती ओततात तेव्हा तीच जागा मागच्या रांगेसारखी होते. कोचीच्या खाडीत कासिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली पाण्यात उतरणाऱ्या उजेडाच्या मोजणीवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात पावसाळ्याचा हा परिणाम आकड्यांनिशी मांडला आहे. आपल्या रापणकरांना पाणी कधी गढूळ आणि कधी निवळ हे ठाऊकच असते, पण गेल्या वर्षीपेक्षा किती गढूळ, हे दोरी आणि पांढरी चकती असल्याशिवाय सांगता येत नाही. खाडीतल्या वाळूच्या उपशावर भांडताना ही चकती कोणी हाती घेतलेली मी पाहिली नाही. घ्यावी. पत्र्याचा पांढरा रंगविलेला तुकडा आणि गाठी मारलेली दोरी एवढाच खर्च आहे.

झाडाखालचा उजेड मोजणे याहून अवघड. आंब्याखाली उन्हाचे कवडसे नाचत असतात, एक मीटर कवडशात आणि एक सावलीत ठेवला तर दोघांत वीस पट अंतर. म्हणून तेथे लांब पट्टीवर अनेक डोळे बसविलेले मीटर वापरतात आणि सरासरी घेतात. शिवाय झाडाला लक्सचा उपयोग नाही. लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप. त्याला हिरवट पिवळा रंग सर्वांत जास्त दिसतो, पानाची भूक तांबड्या आणि निळ्याची.

रंगाचा विषय निघाला म्हणजे कोणीतरी विजयदुर्ग म्हणणारच. तेव्हा अप्रिय असले तरी सांगतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला असे आपण अभिमानाने सांगतो. त्या दिवशी ग्रहणातील सूर्याचे रंग उलगडून पाहणारे जान्सेन होते गुंटूरला, आणि लॉकियर होते इंग्लंडात. लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला तेथूनच, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेच्या उजेडाचे रंग पाहिले. लॉकियर विजयदुर्गास आले हे मात्र खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, 'मेलपोमेनी' या लढाऊ जहाजावरील खलाशांना मदतीला घेऊन. रामसे यांना पृथ्वीवर हेलियम सापडून तोवर तीन वर्षे झाली होती. खरी गोष्टही लहान नाही. आपल्या किल्ल्यावर खलाशांनी दुर्बिणी लावल्या आणि सूर्याचा उजेड किती, याऐवजी तो कशाचा बनला आहे, हे दोन मिनिटांत टिपण्याची कवायत केली. काजूगराच्या प्रतवारीतही हा दुसरा प्रश्न येतोच. दिव्याचे लक्स मोजून उपयोग नाही, त्या दिव्यात निळा किती आहे यावर करपलेला गर ओळखता येणे अवलंबून आहे.

आता कारखान्याकडे परततो, कारण सांगावयाचे ते अजून राहिले आहे.

आकडे पाहून मालकांनी छपराच्या मागच्या उतारावर काचेची कौले बसविली, समोरच्या चिऱ्याच्या लाल भिंतीला चुना काढला. मागच्या रांगेचा टक्का अर्ध्यावरून दोनाच्या वर गेला. एका कौलातून उन्हाचा तुकडा थेट एका ताटलीवर पडू लागला, तेव्हा त्याला बाहेरून पातळ चुन्याचा हात दिला. काच स्वच्छ ठेवावी या कलमाचा भंग आम्ही स्वतःच केला. कपात थांबली. मागची कापलेली रक्कम मात्र परत मिळाली नाही, त्यावर आम्ही हरलो.

पुढच्या महिन्यात एका बाईच्या ताटलीत मिसळ निघतच राहिली. त्या शेवटच्या रांगेत बसत, वय साठीच्या पुढे, आम्ही सगळे त्यांना काकी म्हणत असू. सगळ्यांत मोठी कपात पूर्वी त्यांचीच होती आणि त्यांची चिठ्ठी मी व्यवस्थापकांपुढे सर्वांत वर ठेवली होती. आता व्यवस्थापकांनी माझाच कागद माझ्यापुढे ठेवला: दोन टक्के. उजेडाला दोष देण्याची सोय उरली नव्हती. काकींना मोतीबिंदू होता. दोन वर्षे त्या तो लपवीत होत्या, आणि मागच्या रांगेतला अंधार त्यांना झाकत होता. तो अंधार मी मोजून काढून टाकला.

मी त्यांना विचारावयास गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "झिला, माका बरा दिसता." आठवडाभरात त्या यावयाच्या थांबल्या. कोणी काढले नाही, त्यांनीच रजा घेतली ती घेतली.

मग मी वाचले ते आधी वाचावयास हवे होते. मीटरच्या आत एक रंगीत काच असते, ती १९२४ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरविलेल्या प्रमाण डोळ्याप्रमाणे बनविलेली. तो डोळा निरोगी आहे. वीस वर्षांच्या माणसाच्या डोळ्यात जितका उजेड पडद्यापर्यंत पोचतो त्याच्या साधारण तिसरा हिस्सा साठीच्या डोळ्यात पोचतो, मोतीबिंदू नसतानाही. बाहुली आखडते, भिंग पिवळे पडते. म्हणजे आमचा दोन टक्के काकींना पाऊण टक्क्याहूनही कमी होता. बाहेरून आतला भागाकार मी केला होता, ताटलीपासून डोळ्यातला केला नव्हता.

आता आम्ही मोजतो तेव्हा वहीत एक रकाना अधिक असतो: त्या जागी बसणाऱ्या बाईचे वय. पन्नाशीच्या वरच्या बायका खिडकीजवळ, असा करार दोन कारखान्यांत झाला आहे. तिसऱ्यात बोलणी चालू आहेत, तेथे तरुण बायकाच तयार नाहीत, कारण खिडकीजवळ वाराही लागतो. वर्षातून एकदा डोळे तपासण्याची मागणी आहे, पण जिचे डोळे बिघडले तिला दुसरे काम मिळेल हे लिहून घेतल्याशिवाय ती तपासणी करू द्यावयाची नाही असे आम्ही ठरविले आहे.

काकींचे ऑपरेशन पुढच्या हिवाळ्यात झाले. त्यानंतर भेटावयास गेलो तेव्हा त्या खळ्यात बसून तांदूळ निवडीत होत्या. मला बघून म्हणाल्या, "किती टक्के रे हय?" मी मीटर नेला नव्हता.

वेळ संपत आली आहे. तेलाचा कागद आणि दोन्ही मीटर इथे टेबलावर ठेवतो. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी पुढे यावे. मघाशी सभा सुरू होण्याआधी मी या मंडपात मोजून पाहिले. खांबापलीकडे भगिनी बसल्या आहेत तेथे पुढच्या खुर्च्यांच्या निम्माच उजेड आहे, एवढे चालकांच्या कानावर घालतो.